थोलेंच्या मयतातला निळा रेडिओ

भाड्याच्या सायकलवरून उतरता उतरताच रॉयडाला कळलं की आपल्याला एक दिवस उशीर झाला. थोलेंच्या अंगणात बाप्ये माणसं आंब्याखाली गप्प बसली होती, बायका चटयांवर पाय लांब करून बसल्या होत्या, आणि परसात एवढ्या मोठ्या टोपात मक्याच्या पिठाचा न्सिमा घाटणं चाललं होतं की विचारायची गरजच नव्हती. याफेट थोले गेले. चौऱ्याऐंशी वर्षं दम धरला म्हाताऱ्यानं आणि नेमका कालच सोडला.

सायकलवाल्यानं तिचं सामान खाली ठेवलं: गादीचा फोम, दोन ब्लँकेटं, सुतळीचा गुंडा आणि लोकरी मोज्यांनी भरलेली पिशवी. मयताला एवढे मोजे घेऊन येणारी बाई आपण पहिल्यांदाच बघतोय, असं तो म्हणाला. रॉयडा म्हणाली, बघून घे, परत दिसायची नाही.

मोजे होते व्हॉल्व्हसाठी, जुन्या रेडिओच्या पोटातल्या काचेच्या दिव्यांसाठी. रॉयडा कापाम्ब्वे जातीची बेम्बा, राहणार झांबियातल्या काब्वेची, रेल्वेच्या तारेच्या कारखान्यात तीस वर्षं तारांच्या सांध्यांना डाग देऊन देऊन निवृत्त झालेली. घरात त्रेचाळीस जुने रेडिओ. लुबुम्बाशी म्हणा, दार-ए-सलाम म्हणा, बुलावायो म्हणा, जिथं कुणी म्हणेल की आमच्या माळ्यावर एक डबडं पडलंय, तिथं ही बाई हजर. आधी व्हॉल्व्ह काढायचे, एकेक मोज्यात घालायचा, मोजे स्वतःच्या पिशवीत. मग रेडिओ फोममध्ये, फोम ब्लँकेटात, आणि लहानसा असला तर सरळ चितेंग्याच्या, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात त्या फडक्यानं पाठीला बांधायचा, तान्हं मूल बांधतात तसा. बसच्या टपावर तिनं आजवर एकही रेडिओ टाकू दिलेला नाही. एकदा एका नाक्यावरच्या साहेबानं फडकं बाजूला न करताच विचारलं होतं, बाळ किती महिन्यांचं? तुझ्या बापापेक्षा मोठं आहे, ही म्हणाली आणि चालू लागली. भाऊ म्हणायचे, लोकांच्या बहिणी नातवंडं सांभाळतात, आमची भंगार सांभाळते. म्हणू देत. भावांचं ऐकायला ती जन्माला आली नव्हती.

या वेडाला कारण होतं. नवरा जिवंत असताना घरात एकच रेडिओ होता आणि तो नवऱ्याचा होता. कामावर जाताना तो रेडिओचं बटण उपटून खिशात घालून न्यायचा, मागं बायकोनं बॅटरी संपवू नये म्हणून. अकरा वर्षं तिनं बिनबटणाचा रेडिओ पुसला. मग तो मेला, आणि मयताच्याच दिवशी सासरच्यांनी येऊन पलंग, टोपं, शिलाईचं मशीन आणि तो रेडिओ उचलून नेला. रॉयडा डोक्यावरून फडकं घेऊन कोपऱ्यात बसली होती. विधवेनं दफन होईस्तोवर तोंड उघडायचं नसतं. त्या कोपऱ्यात बसूनच तिनं दोन गोष्टी ठरवल्या. एक, आपल्या घरात रेडिओच रेडिओ असतील आणि सगळ्यांची बटणं जागेवर असतील. दुसरी, मयताच्या घरातून आपण कधी सुईसुद्धा उचलणार नाही.

तिच्याकडे नव्हता तो फक्त निळा. साहेबाच्या काळात, पन्नासच्या आसपास, आमच्या काळ्या माणसांसाठी म्हणून मुद्दाम बनवलेला तो रेडिओ. ॲल्युमिनियमच्या गोल पातेल्यात बसवलेला, वर निळा रंग फासलेला. स्वस्त म्हणायचे, पण खाणीतला माणूस सहा महिने पोटाला चिमटा काढायचा तेव्हा कुठं तो घेऊन गावी जायचा. आता ते निळे रेडिओ दूरदेशी काचेच्या कपाटांत जाऊन बसलेत. आमच्या कानांसाठी केलेली वस्तू, आणि ती बघायला आम्ही विमानाचं तिकीट काढायचं? हा विचार आला की रॉयडाचं डोकं फिरायचं.

थोलेंचा पत्ता म्झुझूच्या एका दुरुस्तीवाल्यानं दिला होता. जूनमध्ये ती सीमा ओलांडून मलावीत, म्झिंबाच्याही पुढं या खेड्यात येऊन गेली होती. त्या रेडिओला लागणारी वीटभर बॅटरी आता जगात कुठं मिळत नाही. रॉयडानं दहा छोट्या चौकोनी बॅटऱ्या तारेनं एकापुढं एक जोडल्या, शेजारी एक जाडा सेल लावला, आणि तीस वर्षं मुका पडलेला रेडिओ आधी खरखरला, मग कुठल्याशा लांबच्या देशातली बाई त्यातून गायला लागली. थोले हसले, रडले, पण रेडिओ काही दिला नाही. मी आहे तोवर इथंच, मेलो की तुझा, म्हणाले. आणि गेल्या रविवारी त्यांनी स्वतः फोन केला. दोनच शब्द बोलले: ये, निघालो.

आता तो रेडिओ अंगणातल्या एका चटईवर होता. शेजारी थोलेंचा चहाचा मग, ताटली, कंदील. आणि चटईपाशी थोलेंचा धाकटा भाऊ हातोडी आणि भलामोठा खिळा घेऊन बसला होता.  ही रीत रॉयडाला ठाऊक होती. मेलेल्याच्या वापरातल्या वस्तू थडग्यावर मांडायच्या, आणि त्याआधी प्रत्येकीला भोक पाडायचं. वस्तूही धन्याबरोबर मेली पाहिजे आणि चोराच्या उपयोगाची राहता कामा नये. मगाला भोक पडलं होतं, ताटलीला पडलं होतं. दोन वाजता प्रेत उचलायचं होतं आणि त्याआधी तो खिळा निळ्या पत्र्यातून आत जाणार होता, जिथं काचेचे चार व्हॉल्व्ह होते.

थोलेंचा मुलगा विन्स्टेड तिथल्याच शाळेचा हेडमास्तर. रॉयडानं आधी रीतीनं गुडघे टेकून दुःख व्यक्त केलं, मग हळूच जूनमध्ये दिलेल्या शब्दाची आणि फोनची गोष्ट काढली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"बाई, बाबा तुमच्याशी काय बोलले ते मी ऐकलं नाही, कुणीच ऐकलं नाही," तो म्हणाला. "उद्या सगळा गाव म्हणेल, बाप गार व्हायच्या आत मास्तरनं त्याचा रेडिओ परदेशी बाईला देऊन टाकला. तुम्ही बसनं निघून जाल. मला इथं राहायचंय."

निदान आतलं यंत्र तरी काढू द्या, पातेलं ठेवा थडग्यावर, असंही तिनं म्हणून बघितलं. बाबांच्या रेडिओचं पोट फाडून नुसतं कातडं ठेवू का, असं त्यानं विचारलं.  रॉयडानं थोलेंच्या बायकोकडं, न्यामोयोकडं पाहिलं. म्हातारी डोक्यावरून फडकं घेऊन, नजर जमिनीत घालून बसली होती. तिला विचारण्यात अर्थ नव्हता, तिनं बोलायचं नव्हतं. आणि त्या कोपऱ्यात बसणं काय असतं ते रॉयडाला कुणी शिकवायला नको होतं. ती मुकाट्यानं बायकांच्यात जाऊन बसली आणि सगळ्यांबरोबर शहाण्यासारखी रडू लागली.

चुकली ती इथंच. पण ती चूक दाखवायला चावुला नावाचा म्हातारा यावा लागला. चावुला आणि थोले पन्नास सालात जोडीनं झांबियाच्या तांब्याच्या खाणीत उतरले होते. रॉयडा पाणी प्यायला उठली तेव्हा आंब्याखालून त्यानं हाक मारली आणि मोडक्यातोडक्या बेम्बा भाषेत विचारलं, कुठली गं तू? काब्वेची, बेम्बा, ती म्हणाली. चावुलानं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं, जणू कुणी त्याला फसवलं होतं.

"बेम्बा आहेस, आणि न्गोनी माणसाच्या मयतात डोळे पुसत बसलीयस?" तो म्हणाला. "लाज नाही वाटत? आमचा थोले काय इतका परका होता तुला?"

रॉयडाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा. बेम्बा आणि न्गोनी! कोणे एके काळी एकमेकांचे गळे कापलेले, आणि तेव्हापासून चिंबुया, म्हणजे थट्टेचे सोयरे झालेले. न्गोनी ते उंदीरखाऊ, बेम्बा ते माकडखाऊ. न्गोनी मेला की बेम्बानं यायचं, मेलेल्याला मनसोक्त शिव्या घालायच्या, प्रेताशेजारी लोळायचं, हाताला लागेल ते उचलायचं, आणि घरच्यांनी ब्र काढायचा नाही. रागावला तो फसला. खाणीच्या वस्तीत हे रोज चालायचं. इथं खेड्यात कोण बेम्बा येणार शिव्या घालायला? साठ वर्षांत इथल्या न्गोनी मयतांना नुसती सभ्य रडारड लाभली होती. आणि ती, घरची हक्काची सोयरी, गिऱ्हाइकासारखी अदब दाखवत बसली होती.

थोलेंची शवपेटी बाहेर आणून अंगणात ठेवली होती. प्रार्थना सांगणारा घसा साफ करत होता. रॉयडानं खांद्यावरचं फडकं काढून कमरेला करकचून बांधलं आणि सरळ पेटीपुढं जाऊन उभी राहिली.

"कोण मेलंय रे इथं?" तिनं खणखणीत आवाजात विचारलं. "थोले? तो उंदीरखाऊ? आणि मी मूर्ख दोन दिवस बसमध्ये हाडं मोडून घेतली, मला वाटलं कुणी माणूस मेलंय."

अंगण असं चिडीचूप झालं की परसातली न्सिमा घाटायची फळी टोपाला घासल्याचं ऐकू आलं. एका तरुण मुलीनं तोंडावर हात नेला. विन्स्टेड उठून उभा राहिला. आणि मग आंब्याखालून चावुलाचं हसू फुटलं, खोकल्यात अडकलेलं, डोळ्यांतून पाणी काढणारं, आणि त्याच्यामागून इतर म्हातारे हसले. माकडखाऊ आली, माकडखाऊ आली, असं म्हणत एकानं जमिनीवर काठी आपटली.

मग काय विचारता. रॉयडानं पेटीवर थाप मारली. फोन करून बोलावतोस आणि स्वतः पेटीत लपतोस होय रे थोल्या, दिलेला शब्द बुडवायला न्गोनी माणसाला मरण्यावाचून दुसरी युक्ती सुचत नाही का, असं तिनं विचारलं. तिकडं वर गेल्यावर उंदीर मिळत नाहीत, तुझं कसं व्हायचं, म्हणाली. जूनमध्ये रेडिओ लागला तेव्हा तो कसा भोकाड पसरून रडला ते तिनं सगळ्या गावाला करून दाखवलं. मग ती पेटीशेजारी मातीत आडवी झाली आणि म्हणाली, सरक जरा, जागा कर, रेडिओ मिळाल्याशिवाय मी उठत नाही. आता बायकाही हसत होत्या, फडक्यात तोंड खुपसून.

हसू चढलेलं असतानाच ती उठली, चटईपाशी गेली आणि म्हाताऱ्या भावाच्या हातोडीखालून रेडिओ उचलला.  मयताच्या अंगणातून वस्तू उचलली होती तिनं. तिच्या सासूनं मशीन उचललं ते असंच, सगळ्यांच्या देखत, हक्कानं. तिनं न्यामोयोकडं पाहिलं. म्हातारीची नजर जमिनीतच होती. खाली ठेवावा असं रॉयडाला क्षणभर खरंच वाटलं. पण खाली ठेवला तर खिळा होता. तिनं दात चावून रेडिओ पाठीवर घेतला आणि फडक्याची गाठ छातीवर मारली.

हे झांबियात, इथं नाही, असं विन्स्टेड म्हणाला. चावुलानं त्याला तिथल्या तिथं गप्प केलं. तुझ्या शाळेची फी ज्या खाणीच्या पगारातून गेली तिथली रीत आहे ही, म्हणाला. पण मास्तर तो मास्तर. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, सोयऱ्यानं उचललेली वस्तू घरच्यांना सोडवून घेता येते की नाही? चावुलाचं हसू मावळलं. तो लबाड म्हातारा नव्हता. येते, म्हणाला, काहीतरी हातावर ठेवायचं, सोयऱ्यानं ते घेतलं की वस्तू परत. विन्स्टेडनं परसातून एक पांढरी कोंबडी आणवली, पाय बांधलेली, आणि रॉयडापुढं धरली.

एका कोंबडीत सोडवता होय, असं ती म्हणाली खरी, पण आवाजात जोर नव्हता. कोंबडीच चालते, आजवर चालत आली, हे तिलाही ठाऊक होतं. सोयरेपणाचा हक्क सांगितला तर सोयरेपणाचा नियमही घ्यावा लागतो. थोलेंचा भाऊ हातोडी घेऊन उभा राहिला. रॉयडानं हात पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. तिला त्या कोंबडीचा इतका राग आला की बस.

तेवढ्यात न्यामोयो उठली. दोन बायका तिला धरायला धावल्या, तिनं त्यांचे हात झटकले. अनवाणी चालत ती मुलापाशी आली, त्याच्या हातातून कोंबडी घेतली, तिथंच खाली बसली आणि नखांनी पायांची दोरी सोडू लागली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडली. मग तिनं कोंबडी जमिनीवर ठेवली. कोंबडीनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, आणि ती कणगीखाली पळून गेली. न्यामोयो आपल्या चटईवर परत जाऊन बसली, डोक्यावरून फडकं ओढलं आणि नजर जमिनीत घातली. तोंडातून अवाक्षर नाही. विधवेनं बोलू नये अशी रीत आहे. कोंबडी सोडू नये असं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं.

विन्स्टेड आईकडं बघत राहिला. मग त्यानं काकाच्या हातातून हातोडी काढून घेतली आणि प्रार्थना सुरू करा असं सांगितलं. थोलेंच्या थडग्यावर चहाचा मग, ताटली आणि कंदील गेले. रॉयडा पाठीवर रेडिओ घेऊनच दफनाला गेली आणि तिथं मुठीनं माती टाकताना मात्र तिला खरंखुरं रडू आलं, ते तिनं शिवी घालून लपवलं.

परत आल्यावर ती न्यामोयोच्या खोलीत रेडिओ बांधायला बसली. मागचं झाकण काढलं, एकेक व्हॉल्व्ह हलवून सोडवला, मोज्यात घातला. म्हातारी पलंगाला टेकून बघत होती. आता तिला बोलायला मोकळीक होती.

"फोन मीच धरला होता त्याच्या कानाशी," ती म्हणाली. "त्याचा हात थरथरायचा. मी सगळं ऐकलंय, जूनमधलंही. पण मला कुणी विचारलं का? विधवेला कोण विचारतं?"

 आई, तुमचे उपकार, असं रॉयडा पुटपुटायला लागली, तर म्हातारी कडाडली, सोयऱ्यांत उपकार बोलतात होय, तोंड आवर. मग सुतळीचं टोक तिनं बोटानं दाबून धरलं.

"माझ्या वेळी येशील?" तिनं विचारलं. "हे सगळे चांगले आहेत. रडतील, गोड गोड बोलतील, किती सोशिक होती म्हणतील. मला नकोय ते. मी कुणाकुणाला पुरून उरले, कुणाच्या तोंडावर दार आपटलं, ते कुणीतरी माझ्या पेटीवर थाप मारून सांगायला पाहिजे. शिव्या घालायला तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

रॉयडानं शेवटची गाठ मारली. येईन म्हणणं सोपं होतं. पण सोयऱ्यांत तसं सरळ बोलत नाहीत.

"म्हातारे, तू कसली मरतेस," ती म्हणाली. "या गावातले उंदीर संपेस्तोवर तू हलायची नाहीस. पण मेलीसच तर कळव. दात काढून हसायला येते."

न्यामोयो हसली. दातच नव्हते तिला फारसे, पण हसली.

चारची बस गाठायची होती. रॉयडानं रेडिओ पाठीला बांधला, मोज्यांची पिशवी गळ्यात अडकवली आणि अंगणातून निघाली, तशी आंब्याखालच्या म्हाताऱ्यांनी सवयीनं शिव्यांची सरबत्ती सुरू केली, आणि मघाशी तोंडावर हात नेणारी ती पोरगीसुद्धा ओरडायला शिकली. विन्स्टेडनं नुसता हात वर केला. दफनानंतर विधवेनं दहा दिवस उंबऱ्याबाहेर यायचं नसतं. न्यामोयो आली, पार कुंपणापर्यंत आली, आणि सगळ्यांच्या वरताण आवाजात ओरडली, "चोर! पकडा गं तिला! माकडखाऊ चोर!"

तो शब्द रॉयडानं बावीस वर्षं आपल्या सासरच्यांसाठी पोटात ठेवला होता. आज कुणीतरी तिलाच म्हणालं, आणि इतकं गोड तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. मागं वळली असती तर डोळे दिसले असते. तिनं पाठीवरचं ओझं वर सरकवलं, पुढं बघतच म्हातारीला एक सणसणीत शिवी हासडली आणि बसच्या रस्त्याला लागली.